हुकूम पाळला, मग शिक्षा का?

मागच्या अंकात याच सदरातून मी 'अ फ्यू गुड मेन' या अमेरिकी चित्रपटाविषयी लिहिले होते आणि पावसाळ्याच्या दिवसांत घरी बसून तो पाहावा असे वाचकांना सुचवले होते. सुचवताना थोडी धाकधूक होती, कारण चित्रपट १९९२ सालचा, संवाद इंग्रजी, आणि बराच वेळ कोर्टाच्या खोलीत समोरासमोर बोलत राहणारी माणसे. परंतु अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी तो पाहिला, घरात आणि पारावर त्यावर वाद घातले आणि आपली मते कळवली. मी काही वर्षे लष्कराच्या जज ॲडव्होकेट जनरल विभागात, म्हणजे फौजेच्या कायदेविषयक शाखेत काम केले आहे, म्हणून चित्रपटाबरोबरच आपल्याकडच्या कोर्ट मार्शलविषयीही प्रश्न आले आहेत. निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. क्यूबातल्या ग्वांतानामो बे येथील अमेरिकी तळावर सँतियागो नावाचा एक मरीन सैनिक आहे. तो प्रकृतीने अशक्त आहे, कवायतीत मागे पडतो. त्याला तिथून बदली हवी आहे आणि त्यासाठी तो आपल्या वरिष्ठांना ओलांडून बाहेर पत्रे लिहितो. एका रात्री त्याच्याच तुकडीतले डॉसन आणि डाउनी त्याच्या खोलीत शिरतात, त्याला बांधतात, तोंडात बोळा कोंबतात आणि त्यात तो मरतो. दोघांवर खुनाचा खटला भरला जातो. बचावाचे म्हणणे असे की हा 'कोड रेड' होता, म्हणजे चुकणाऱ्या सैनिकाला त्याच्या सोबत्यांकरवी गुपचूप दिली जाणारी शिक्षा, आणि तिचा हुकूम तळाचे प्रमुख कर्नल जेसप यांच्याकडून लेफ्टनंट केंड्रिक यांच्यामार्फत खाली आला होता. नौदलाचा तरुण वकील कॅफी (टॉम क्रूझ) कर्नल जेसप (जॅक निकल्सन) यांना साक्षीदार म्हणून उभे करतो आणि त्यांच्याच तोंडून हुकमाची कबुली मिळवतो. दोघे सैनिक खुनाच्या आरोपातून सुटतात, पण मरीन सैनिकाला न शोभणारे वर्तन केल्याबद्दल दोषी ठरतात आणि सेवेतून अप्रतिष्ठेने काढले जातात.

देवगडहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी लिहितो : *आम्ही चौघा मित्रांनी चित्रपट एकत्र पाहिला आणि शेवटावर आमचे एकमत झाले नाही. हुकूम कर्नलने दिला हे सिद्ध झाले. हुकूम मोडला असता तर त्या दोघांना शिक्षा झाली असती, आणि पाळला तरीही नोकरी गेली. मग सैनिकाने करावे तरी काय? हा निकाल मला अन्यायाचा वाटतो.*

तुमचा प्रश्न चित्रपटातच विचारला गेला आहे. निकाल ऐकल्यावर डाउनी गोंधळून विचारतो की आपण काय चुकीचे केले, आणि डॉसन त्याला सांगतो की जो स्वतःसाठी लढू शकत नव्हता त्याच्यासाठी आपण लढायला हवे होते. ते वाक्य इतक्या हळू आवाजात येते की आधीच्या आरडाओरड्याने भारावलेल्या प्रेक्षकाच्या कानावरून ते निसटून जाते. माझ्या मते चित्रपट त्या वाक्यासाठी केलेला आहे. कर्नलची कबुली हा केवळ तिथवर पोहोचण्याचा रस्ता आहे.

आता कायद्याचे पाहू. आपल्या सेना अधिनियम, १९५० मधील कलम ४१ हुकूम मोडण्याबद्दल शिक्षा सांगते, आणि ती हलकी नाही. उघड अवज्ञा केल्यास चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण त्याच कलमात एक शब्द आहे, तो म्हणजे 'कायदेशीर' हुकूम. वरिष्ठाने तोंड उघडले म्हणजे हुकूम झाला, असे आपला कायदा मानत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ७६ खाली शंभराहून अधिक वर्षे एक उदाहरण छापले जात होते. वरिष्ठाच्या आदेशावरून, कायद्याच्या आज्ञेला अनुसरून सैनिक जमावावर गोळी झाडतो, तेव्हा त्याने गुन्हा केलेला नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम १४ मध्ये आली आहे. या उदाहरणातले 'कायद्याच्या आज्ञेला अनुसरून' हे शब्द काढून टाकले तर सैनिक आणि सुपारी घेऊन मारणारा यांच्यात फरक उरणार नाही. झोपलेल्या सोबत्याला बांधून मारहाण करा, असा हुकूम जगातल्या कोणत्याही शिस्तबद्ध फौजेच्या कायद्यात बसत नाही, तो कर्नलने दिला तरी आणि जनरलने दिला तरी.

तरीही तुमच्या मनातली अस्वस्थता मला खोटी वाटत नाही. चित्रपटातला एक छोटा प्रसंग आठवा. या घटनेच्या आधी एका सैनिकाला केंड्रिकने बराकीत कोंडून उपाशी ठेवण्याची शिक्षा दिली होती, आणि डॉसनने त्याला चोरून जेवण नेऊन दिले. परिणाम असा झाला की डॉसनच्या सेवा-अहवालात वाईट शेरा पडला. म्हणजे जो माणूस एकदा दयेपायी चुकीच्या हुकमाविरुद्ध वागला होता, त्याला फौजेनेच शिकवले की पुन्हा असे करू नकोस, आणि पुढच्या वेळी त्याने ते शिकलेले पाळले. सँतियागोच्या मृत्यूची सुरुवात त्या शेऱ्यापासून होते, असे मी मानतो. ज्या अधिकाऱ्याने तो शेरा लिहिला, त्याने एका चांगल्या सैनिकाची सदसद्विवेकबुद्धी मोडली, आणि त्याबद्दल कोणत्याही कायद्यात वेगळे कलम नाही.

म्हणून माझे मत सांगतो. दोघांना दोषी ठरवणे योग्य होते. शिक्षा मात्र दोघांना सारखी देणे मला पटत नाही. डाउनी हा साधा, समज कमी असलेला मुलगा आहे. जीपचे टायर फुटल्यामुळे तो उशिरा बराकीत पोचतो आणि केंड्रिकचा हुकूम त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेलाच नसतो. त्याने ऐकले ते डॉसनचे. त्याला आणि डॉसनला एकाच तराजूत तोलणारा निकाल ऐकताना मला आजही त्रास होतो.

खेड तालुक्यातून एक निवृत्त हवालदार लिहितात : *मी बावीस वर्षे पायदळात काढली. आमच्या पलटणीत असले काही कधी घडले नाही. अशा चित्रपटांनी भरतीला निघालेल्या पोरांच्या मनात नको ते भरते. आणि त्या सँतियागोने साखळी तोडून बाहेर पत्रे लिहिली, ही त्याची चूक नाही काय? तुम्ही त्याविषयी अवाक्षर काढले नाही.*

हवालदारसाहेब, तुमच्या पलटणीत असे घडले नाही याचा मला आनंद आहे, आणि बहुतेक पलटणींविषयी हेच खरे आहे. ते खरे असण्याचे श्रेय तुमच्यासारख्या माणसांना जाते, कारण बराकीत रात्री काय चालते हे कमांडिंग ऑफिसरपेक्षा हवालदाराला आधी कळते. चित्रपटातल्या त्या बराकीत एक चांगला हवालदार असता तर सँतियागो जिवंत राहिला असता.

पत्रांविषयीचा तुमचा आक्षेप मात्र मला सविस्तर घ्यायचा आहे, कारण तो अनेक माजी सैनिकांनी घेतला आहे. साखळी तोडणे, म्हणजे थेट वरिष्ठाला ओलांडून वर जाणे, ही शिस्तीच्या दृष्टीने चूकच आहे. पण साखळी म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. आपल्या सेना अधिनियमाचे कलम २६ जवानाला तक्रारीचा हक्क देते. वरिष्ठाकडून अन्याय झाला असे वाटल्यास त्याने आपल्या अधिकाऱ्याकडे तक्रार करावी, आणि ज्याच्याकडे तक्रार करायची तोच अन्याय करणारा असेल तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे करावी. तक्रार आली की तिची शक्य तितकी पूर्ण चौकशी करणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. जाणूनबुजून खोटा आरोप करणाऱ्यासाठी कलम ५६ आहे, आणि हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा छळ करणाऱ्यासाठी कलम ४७ आहे, ज्यात सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. म्हणजे वर जाणारी वाट कायद्यानेच आखून दिलेली आहे. ती वाट मधल्या माणसाने अडवली की पत्रे आडवाटेने जाऊ लागतात.

हे केवळ चित्रपटात घडते असे नाही. रणजित ठाकूर नावाच्या सिग्नल दलातल्या जवानाचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली निकालात काढला, आणि लष्करी कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला तो वाचावाच लागतो. त्याने आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्धची छळाची तक्रार थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवली. साखळी तोडल्याबद्दल त्याला अठ्ठावीस दिवसांची सक्त कैद झाली. ती भोगत असताना, १९८५ सालच्या मे महिन्यात, जेवणाचा हुकूम देऊनही त्याने जेवण घेतले नाही, असा दुसरा आरोप ठेवला गेला. समरी, म्हणजे संक्षिप्त, कोर्ट मार्शल झाले, आणि त्यात न्यायदानाला बसले तेच कमांडिंग ऑफिसर ज्यांच्याविरुद्ध त्याची तक्रार होती. शिक्षा झाली एक वर्षाची सक्त कैद आणि बडतर्फी. जेवला नाही म्हणून एक वर्षाची कैद आणि बडतर्फी! सर्वोच्च न्यायालयाने सारी कारवाई रद्द केली. न्यायालयावर आक्षेप आहे काय, असे आरोपीला विचारलेच गेले नव्हते, न्याय करणारा स्वतः वादात गुंतलेला होता, आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने बेसुमार होती, अशी ती कारणे. जवानाला सर्व लाभांसह परत सेवेत घेण्याचा आदेश झाला. हवालदारसाहेब, या जवानानेही साखळी तोडली होती. तरीही न्यायालयाने पाहिले ते साखळीच्या वरच्या टोकाला काय चालले होते ते.

आपल्या किनाऱ्याजवळची गोष्टही आठवण्यासारखी आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण आणि कमांडिंग ऑफिसरची शिवराळ भाषा यांविरुद्ध त्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. तक्रारींना किंमत मिळाली नाही, आणि काही दिवसांत ते लोण बंदरातल्या जहाजांवर आणि कराचीपर्यंत गेले. त्यामागे स्वातंत्र्याची ओढ होती हे तर खरेच, पण ठिणगी पडली ती न ऐकलेल्या तक्रारीतून.

आणि तुमच्या शेजारच्या दापोलीचे काय? जुन्या माणसांच्या तोंडी आजही ती 'काप दापोली' आहे, कारण तिथे फौजेचा कॅम्प होता आणि पेन्शनर शिपायांची वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर तिथेच राहिले. इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा तिथल्याच गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त शिपायाने १८९४ साली सरसेनापतींना उद्देशून विनंतीपत्र तयार केले. शिस्तीत आयुष्य काढलेल्या त्या माणसाने सन्मानाची मागणी सरळ वर, सर्वांत वरच्या अधिकाऱ्याच्या नावाने लिहिली. कोकणच्या फौजी परंपरेत बंदुकीइतकीच लेखणीही आहे. भरतीला निघालेल्या मुलाला हे कळले तर तो फौजेपासून दूर जाणार नाही. तिथे आपल्या अर्जालाही जागा आहे, हे समजून तो जाईल.

रत्नागिरीहून एक शिक्षिका विचारतात : *कर्नल भर कोर्टात चिडून गुन्हा कबूल करतो, हे प्रत्यक्षात शक्य आहे काय? आपल्याकडचे कोर्ट मार्शल असेच असते काय?*

कबुलीचा प्रसंग नाट्यासाठी रचलेला आहे, पण तो अशक्य नाही. न्यायाधीश जेसपला सांगतो की या प्रश्नाचे उत्तर देण्याचे तुमच्यावर बंधन नाही, आणि जेसप म्हणतो की मी उत्तर देईन. कॅफीने त्याला फसवलेले नसते. आपण देशाचे रक्षण करतो म्हणून आपल्याला कोणी जाब विचारू नये, अशी ज्याची मनोमन खात्री झालेली आहे, असा माणूस स्वतःहूनच बोलतो. मी पाहिलेल्या उलटतपासण्यांत आवाज क्वचितच चढला, पण अहंकाराने साक्षीदाराला बोलते केले, असे मात्र अनेकदा घडले. कॅफीने पत्करलेला धोकाही खरा आहे. पुरावा नसताना वरिष्ठ अधिकाऱ्यावर गुन्ह्याचा आरोप केला तर त्याच्यावरच कारवाई होऊ शकली असती, आणि हे त्याला ठाऊक असते.

आपल्याकडचे चित्र मात्र बरेच वेगळे दिसते. अमेरिकेत लष्करी न्यायाधीश खटला चालवतो. आपल्या जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान पाच अधिकारी सदस्य असतात आणि खटल्यातल्या वस्तुस्थितीचा, कायद्याचा आणि शिक्षेचा निर्णय तेच करतात. जज ॲडव्होकेट शेजारी बसून कायदा समजावून सांगतो, पण त्याला मत नसते. मी अशा खुर्चीवर बसलेलो आहे. समोरच्या पाचही जणांच्या चेहऱ्यांवर कायद्याचा शब्द नीट पोचला की नाही हे शोधत राहणे, एवढेच त्या वेळी हाती असते. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलला किमान तीन अधिकारी लागतात. प्रत्येक प्रश्न आणि उत्तर लिहून घेतले जाते, त्यामुळे गती संथ असते. चित्रपटातला शब्दांचा पाऊस तिथे नसतो.

त्यातली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. मत देताना सर्वांत कनिष्ठ सदस्य आधी बोलतो आणि अध्यक्ष शेवटी, म्हणजे वरिष्ठाचे मत ऐकून धाकट्याने आपले बदलू नये. मते समसमान पडली तर निकाल आरोपीच्या बाजूने जातो, आणि देहान्ताची शिक्षा द्यायची तर किमान दोन-तृतीयांश सदस्यांचे एकमत लागते. निकाल लगेच अंतिमही होत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याला पुष्टी द्यावी लागते.

समरी कोर्ट मार्शलला मात्र यातले जवळजवळ काही लागू नाही. तिथे एकटा कमांडिंग ऑफिसर न्यायालय असतो, दोन जण नुसते उपस्थित राहतात, पुष्टीची गरज नसते, आणि लेफ्टनंट कर्नल किंवा वरच्या हुद्द्याचा अधिकारी असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. अधिकाऱ्यांवर किंवा सुभेदारांसारख्या जेसीओंवर, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्यांवर, असा खटला चालवता येत नाही. तो फक्त जवानांसाठी आणि हवालदारापर्यंतच्यांसाठी आहे. युद्धभूमीवरच्या घाईसाठी ही सोय समजण्यासारखी आहे. शांततेच्या काळात छावणीत तिचा सर्रास वापर होऊ नये, असे माझे मत नोकरीत असतानाही होते आणि आजही आहे.

अलिबागहून एक ज्येष्ठ वाचक विचारतात : *कमांडर नानावटी हे नौदलाचे अधिकारी होते. मग त्यांचा खटला कोर्ट मार्शलपुढे न चालता मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीपुढे का चालला? त्यावरचे चित्रपट पाहताना हा प्रश्न नेहमी पडतो.*

कारण नानावटींच्या गोळीने मारला गेलेला माणूस, त्यांच्या पत्नीचा मित्र प्रेम आहुजा, नागरिक होता. सैनिकाने सेवेबाहेरच्या व्यक्तीचा खून केला तर त्याचा खटला सामान्य फौजदारी न्यायालयातच चालतो, असा नियम सेना अधिनियमाच्या कलम ७० मध्ये आहे आणि नौदल अधिनियम, १९५७ मध्येही तशीच तरतूद आहे. आरोपी प्रत्यक्ष युद्धसेवेवर असेल, घटना देशाबाहेर घडली असेल किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या ठिकाणी घडली असेल, तरच अपवाद होतो. २७ एप्रिल १९५९ ची ती घटना मुंबईतल्या घरात घडली होती. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे खुनाची शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे राज्यपालांनी त्यांना माफी दिली. या खटल्यावर बेतलेल्या चित्रपटांत गणवेशाला जे महत्त्व दिले जाते ते प्रेक्षकांच्या भावनेसाठी ठीक आहे, पण तो लष्करी न्यायाचा खटला नव्हता. कोर्ट मार्शलमध्ये ज्युरी नसते, हेही लक्षात ठेवावे.

गुहागरहून एका दांपत्याचे पत्र आहे : *हिंदीत 'शौर्य' नावाचा असाच चित्रपट आहे. तुम्हाला दोहोंतला कोणता सरस वाटतो? आम्हाला 'शौर्य'मधला ब्रिगेडिअर विसरता येत नाही.*

समर खान यांचा 'शौर्य' २००८ सालचा आहे आणि त्यातली के. के. मेनन यांची भूमिका विसरण्यासारखी नाहीच. दोन्ही चित्रपटांचा सांगाडा सारखा आहे, म्हणजे निष्काळजी वाटणारा वकील, गप्प राहणारा आरोपी आणि शेवटी साक्षीदार म्हणून उभा असलेला गर्विष्ठ वरिष्ठ अधिकारी. गुन्ह्याचा आकार मात्र उलट आहे. अमेरिकी चित्रपटात हुकूम पाळल्यामुळे माणूस मरतो. हिंदी चित्रपटात निरपराधांचा जीव वाचवण्यासाठी कनिष्ठ अधिकारी आपल्याच वरिष्ठाला गोळी घालतो. त्यामुळे 'शौर्य'चा प्रेक्षक पहिल्यापासून आरोपीच्या बाजूला असतो, आणि शेवटी त्याला मोकळे वाटते. 'अ फ्यू गुड मेन' संपतो तेव्हा जे मोकळे वाटायला हवे ते वाटत नाही, आणि मला तोच शेवट अधिक खरा वाटतो. अभिनयात मात्र मी दोहोंत डावे-उजवे करणार नाही.

वेंगुर्ल्याहून एक आई लिहितात : *माझा मुलगा नेव्हीत आहे. गणपतीला रजेवर येईल तेव्हा हा चित्रपट त्याच्याबरोबर पुन्हा पाहणार आहे. पण पाहिल्यापासून मला झोप नाही. त्याच्यावर कधी काही बालंट आले तर त्याला वकील मिळतो काय? आणि त्याला कोणी त्रास दिला तर आम्ही घरच्यांनी काय करावे?*

ताई, आधी मनातली भीती दूर ठेवा. चित्रपटातला प्रसंग अपवादाचा आहे, आणि लाखो मुले सन्मानाने नोकरी करून परत येतात.

वकिलाचे विचाराल तर मिळतो. कोर्ट मार्शलमध्ये आरोपीला बचावासाठी अधिकारी दिला जातो आणि त्याची इच्छा असल्यास बाहेरचा वकीलही नेमता येतो. नौदलाच्या कोर्ट मार्शलमध्ये पाच ते नऊ अधिकारी बसतात, आणि त्यांपैकी कोणावर विश्वास नसेल तर आरोपीला सुरुवातीलाच आक्षेप घेता येतो. हा आक्षेप त्याने संकोचाने गिळू नये. रणजित ठाकूर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच हक्कावर बोट ठेवले होते. चौकशीच्या टप्प्यात जो कागद पुढे येईल तो नीट वाचूनच सही करावी, न समजल्यास समजावून मागावा. पुष्कळ तरुण मुले साहेबांसमोर वाद नको म्हणून काहीही वाचल्याशिवाय सही करतात, आणि नंतर सारा खटला त्या सहीभोवती फिरत राहतो. निकाल विरोधात गेला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण स्थापन झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे, म्हणजे कोकणातल्या कुटुंबाला दिल्ली गाठावी लागत नाही. पूर्वी अशी अपिलाची सोय नव्हती आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच ती उणीव दाखवून दिली होती.

त्रासाचे विचाराल तर पहिली तक्रार मुलाने स्वतः, लेखी आणि तारीख घालून करावी, एक प्रत आपल्यापाशी ठेवावी. नौदल अधिनियमातही तक्रारीचा हक्क दिलेला आहे. घरच्यांनी रागाच्या भरात समाजमाध्यमांवर काही लिहू नये, कारण त्याचा भार शेवटी मुलावरच पडतो. पण त्याच्या बोलण्यात बदल झाला, फोन तुटक होऊ लागले, जेवणाखाणाविषयी विचारल्यावर तो विषय टाळू लागला, तर ते हलके घेऊ नका. चित्रपटातला सँतियागो जी पत्रे लिहीत होता ती कोणीतरी वेळेवर वाचायला हवी होती. रजेवर आल्यावर चित्रपट लावण्याआधी त्याला जेवू घाला, खळ्यात निवांत बसवा आणि त्याच्या बराकीतले सोबती कोण, हवालदाराच्या बरोबरीचा पेटी ऑफिसर कसा आहे, हे विचारा. तो मोकळेपणी बोलला तर तुमची अर्धी काळजी तिथेच मिटेल, आणि बोलला नाही तर मला पुन्हा लिहा, पत्ता संपादकांकडे आहे.